नॅक्सॉसवर विंडसर्फिंग की काइटसर्फिंग?

ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी हा उत्तरेचा वारा दुपारी जोर धरतो. सुट्टी तीन-चार दिवसांचीच असेल, तर सरळ विंडसर्फिंग घ्या. आयिओस येओर्गिओस किनाऱ्याच्या उथळ पाण्यात, सकाळच्या हलक्या वाऱ्यात, १८०-२०० लिटर आकारमानाचा रुंद बोर्ड आणि ३-४ चौरस मीटरचं शीड पुरतं. नवखे शीड उचलताना कंबरेतून वाकून हिसका देतात आणि अर्ध्या तासात पाठ धरते. वारा पाठीशी, गुडघे वाकलेले, हात सरळ, वजन मागे. शिडावरचं पाणी निथळलं की ते आपसूक हलकं होतं.

काइटसाठी, म्हणजे पतंगाने ओढल्या जाणाऱ्या बोर्डसाठी, मिक्री विग्लाचा किनारा गाठा. पण बोर्डवर उभं राहायलाच दोन-तीन दिवस लागतात. आधी पतंग सांभाळणं, मग पाण्यात नुसतं ओढलं जाणं. दोऱ्या २०-२४ मीटरच्या, म्हणून आजूबाजूला मोकळी जागा हवीच. घाबरून बार (पतंग सांभाळायचा हातातला दांडा) ओढला की पतंगाची ताकद वाढते आणि माणूस फरफटतो. बार सोडायचा, तरीही आवरेना तर सेफ्टी रिलीज, म्हणजे पतंगाची ओढ तोडणारी कळ. ती हाताला न अडखळता सापडेपर्यंत किनाऱ्यावरच सराव करा. एकदा जमलं की मजा काइटमध्येच जास्त, आणि सामानही पाठपिशवीत मावतं (बोर्ड सोडून).

वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल, तर दोन्हीही नको.