३०१८ सीएनसी राउटर, दहा महिन्यांनंतर: शिरोरेषा का तुटत होती

संगणकाच्या हुकमावर फिरत्या बिटने लाकूड कोरणारं हे छोटं मशीन घेऊन दहा महिने झाले. टेबल केवढं, स्पिंडल कोणता, हे सगळ्यांना पाठ आहे, ते परत लिहीत नाही. लिहायला बसलो ते एका पाटीमुळे. सागवानाची, काकूंच्या नव्या घरासाठी. चाळीस मिनिटांचं काम, पस्तीस मिनिटं सुरेख चाललं, आणि शेवटचा शब्द मिलिमीटरभर खाली उतरला. इंग्रजी अक्षरांत एवढं एखाद वेळी खपून जातं. देवनागरीत नाही. शब्दांच्या शिरोरेषा एका दोरीत नसल्या तर रस्त्यावरून दिसतं. ३४० रुपयांचा तुकडा वाया गेला, महिन्याभरातला तिसरा.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, ‘फीड (कोरताना सरकण्याचा वेग) कमी करा.’ मिनिटाला ६०० मिमी होता, तो ३०० केला. काम दुप्पट वेळ चाललं आणि पाटी तरीही सरकली. दुसरं उत्तर, ‘यूएसबी केबल बदला.’ केबल तुटली, लॅपटॉप झोपला, तर काम थांबतं; पुढचं काम सरकलेल्या जागी चालू राहत नाही. तिसरं उत्तर, ‘बोर्ड गेलाय, २,८०० रुपये भरा.’ गॅरंटीत दोन महिने शिल्लक असताना! एकदाही कोणी विचारलं नाही की किती सरकतं, कोणत्या अक्षावर, कितव्या मिनिटाला. याचा राग अजून गेलेला नाही.

पैसे भरायचे नाहीत हे ठरलं, मग स्वतःच शोधायला बसलो. या मशीनला आपण कुठे आहोत हे कळत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करावं लागतं. मशीन चालवणारा सर्किट बोर्ड मोटरला स्टेप, म्हणजे ठरावीक छोटी पावलं, मोजून पाठवतो, मोटर तेवढी फिरली की नाही हे विचारत नाही. वाटेत कुठेही गळती झाली तरी स्क्रीनवरचे आकडे बरोबरच दिसतात.

चूक सगळी वाय अक्षावर, म्हणजे टेबल पुढे-मागे जातं त्या दिशेला, होत होती. मोटरचा शाफ्ट एका कपलिंगने, म्हणजे जोडनळीने, टेबल सरकवणाऱ्या लांब लीडस्क्रूला जोडलेला असतो. शाफ्टवरून कपलिंगवर मार्करने एक सरळ रेघ मारली, तशीच पलीकडे कपलिंगवरून लीडस्क्रूवर. बिट न लावता तेच काम हवेत चालवलं. संपल्यावर मोटरच्या बाजूची रेघ तुटलेली! ५ मिमीचा गोल गुळगुळीत शाफ्ट, आणि त्याला धरायला दोन इवलेसे, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू. एवढ्या मशीनचा सगळा भार त्या दोन टोकांवर, आणि मॅन्युअलमध्ये त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. कंपनीने शाफ्टला एक सपाट बाजू दिली असती तर माझे तीन तुकडे वाचले असते. मी मोटर काढली, तोंडाला टेप लावून भुकटी आत जाणार नाही असं बघितलं, कानशीने शाफ्टवर सपाट जागा केली, स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून घट्ट आवळलं.

इथपर्यंतचं मी फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं, आणि ‘दोष कपलिंगचा’ असं ठाम म्हटलं होतं. ते अर्धंच खरं निघालं. एप्रिलमध्ये पाटी परत सरकली.

यावेळी शिरोलीच्या लेथ कारखान्यातल्या मित्राकडून डायल गेज, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं काट्याचं मापक, आणला. फ्रेमला गेज, टेबलला टोक, काटा शून्यावर. काम हवेत चालवायचं, टेबल शून्यावर परत आणायचं, आणि दर वेळी एकाच बाजूने, नाहीतर बॅकलॅश, म्हणजे आट्यांमधली ढिलाई, मोजला जातो. कपलिंग सैल असताना मी हे केलं नव्हतं, म्हणून मुद्दाम स्क्रू ढिले करून आधी तेच मोजलं: ०.०३, ०.११, ०.०५ मिमी. कसेही आकडे. मग स्क्रू आवळून परत: ०.१६, ०.००, ०.२४.

हे आकडे बघितले आणि उलगडा झाला. मोटरची फेरी २०० स्टेपची, स्क्रूच्या एका फेरीत टेबल ४ मिमी जातं. अशी स्टेपर मोटर सटकते तेव्हा चार-चार पूर्ण स्टेपच्या उड्या मारते, कारण कॉइलचं चक्र चार स्टेपला पुरं होतं. चार स्टेप म्हणजे ०.०८ मिमी. म्हणून आकडा ०.०८ च्या पाढ्यात बसला तर मोटर किंवा ड्रायव्हर (बोर्डावरची मोटरला वीज देणारी चिप) बघा, बसला नाही तर आधी कपलिंग बघा. एवढी एक गोष्ट विक्रेत्याला माहीत असती तर माझे चार महिने वाचले असते.

चूक दर वेळी पंचवीस मिनिटांनंतरच येत होती. बोर्डाची पेटी उघडली तर पंखा लाकडाच्या भुशाने गच्च. ए४९८८ ड्रायव्हर फार तापला की स्वतःच बंद पडतो आणि थंडावला की चालू होतो. मधल्या स्टेप गेल्या त्या गेल्या. आमच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलची दुपार, त्यात फीड निम्मा करून मी ड्रायव्हरला तापायला दुप्पट वेळ दिला होता! पंखा साफ केला, ८० रुपयांचा दुसरा लावला, पेटी टेबलापासून लांब भिंतीवर टांगली, फीड परत ६०० केला. त्यानंतर सलग अकरा पाट्या, गेजवर ०.०० किंवा ०.०१.

मशीन ठेवणार आहे, त्या विक्रेत्याकडून दुसरं घेणार नाही. काकूंची पाटी मेमध्ये लागली. एक्स अक्षाच्या मोटरच्या शाफ्टचंही कानशीने काम केलं, झेडचं राहिलंय. तिथे सध्या मार्करची रेघ मारून ठेवली आहे, दर रविवारी बघतो.