५२ पात्यांचा थ्रेड गेज आणि आमची बीएसए: आठ महिन्यांनंतर

थ्रेड गेज म्हणजे बोल्टचे आटे ओळखायच्या दातेरी पात्यांचा जुडगा. घेतला तेव्हा हिशेब सोपा वाटला होता. पातं आट्यांवर धरायचं, बसलं की आकडा वाचायचा, तसा बोल्ट मागवायचा. चार-पाचशे रुपयांत काम फत्ते. आठ महिन्यांत काम झालंही, पण गेजला त्यातलं निम्मंच श्रेय.

गाडी वडिलांची. बीएसए एम-२० ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल, लष्कराच्या लिलावातून घेतलेली. बर्मिंगहॅमहून निघाली तेव्हा स्पार्क प्लग सोडला तर तिच्यात आजचं मेट्रिक माप जवळपास नव्हतंच. पुढं हात लावणाऱ्या प्रत्येकानं हाताला आला तो बोल्ट पिळून बसवला. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचे लेथवाले मामा आहेत, माणूस कसबी. पण मी बोल्ट घेऊन गेलो की बोटांत फिरवून म्हणायचे, "अडीच सुती आहे, बसतोय की."

अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, तेवढं बरोबर. पण ५/१६ इंचाला व्हिटवर्थमध्ये (जुना ब्रिटिश इंची थ्रेड) इंचाला १८ आटे, बीएसएफमध्ये (त्याचाच बारीक आट्यांचा भाऊ) २२ आणि सायकल थ्रेडमध्ये (सीईआय म्हणतात तो) २६. जाडी तीच, आटे तीन तऱ्हेचे. त्यात आपला रोजचा एम-८ (८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट) जाडीला जेमतेम सहा शतांश मिलिमीटर जास्त, त्यामुळं तोही दोन-तीन फेरे आत जातो आणि मग अॅल्युमिनियम खायला लागतो. आमच्या इंजिनाच्या क्रँककेसची दोन भोकं अशीच गेली होती.

आता गेजबद्दल. यात ६० अंशांची (हा आट्याच्या खाचेचा कोन) मेट्रिक पाती २४ आणि ५५ अंशांची व्हिटवर्थ पाती २८. व्हिटवर्थ आणि बीएसएफ दोन्ही ५५ अंशांचे, त्यांना हा गेज उत्तम, तक्रार नाही. अडचण सायकल थ्रेडची. तो इंचाचा, पण कोन ६० अंश, आणि असं पातं या गेजमध्ये नाहीच. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींवर तर हाच थ्रेड जास्त.

पहिले दोन महिने मी फसत होतो. सायकल थ्रेडच्या बोल्टवर १.० मिलिमीटरचं मेट्रिक पातं धरलं की बसल्यासारखं वाटतं, कारण इंचाला २६ म्हणजे ०.९७७ मिलिमीटर. बोल्ट आखूड असेल तर फरक कळतच नाही. लांब बोल्ट घेऊन खिडकीशी उजेडात धरा: पहिले चार-पाच दाते चपखल बसतात आणि पुढं पातं हळूहळू आट्यांवर चढायला लागतं. मग २६ चं व्हिटवर्थ पातं लावा. त्याचा प्रत्येक दाता आपल्या खाचेत जातो, शेवटपर्यंत, पण दोन्ही बाजूंनी उजेडाची बारीक रेघ राहते. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की सायकल थ्रेड समजायचा. हे कळायला मला एक टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि बराच मनस्ताप खर्ची घालावा लागला.

पाव इंचाला आणखी घोळ, तिथं बीएसएफ आणि सायकल दोन्ही २६. सायकलचे आटे उथळ आणि कोन वेगळा, एवढाच काय तो पुरावा.

जाडी मोजायच्या व्हर्निअरशिवाय हा गेज घेऊच नका. मॅग्नेटोच्या एका स्क्रूवर ०.८ चं पातं छान बसलं, मी खुशीत एम-५ लिहून ठेवला. मापला तर जाडी ४.७. तो निघाला २ बीए (बारीक स्क्रूंचा आणखी एक ब्रिटिश थ्रेड), पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ०.८१, कोन साडेसत्तेचाळीस अंश. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या विजेच्या सामानात बीएच असतात हे मला आधी ठाऊक हवं होतं.

मधे ऑनलाइन "व्हिटवर्थ" म्हणून बोल्टांचा एक डबा मागवला. ५/१६ आणि ३/८ सरळ आत गेले. अर्ध्या इंचाचा मात्र तिसऱ्या फेऱ्याला अडला. पातं लावलं तर इंचाला १३. व्हिटवर्थला १२ हवेत. अख्खा डबा अमेरिकन यूएनसीचा! बाकीच्या दोन मापांत दोन्हींचे आटे इंचाला सारखेच, फक्त कोन वेगळा, म्हणून ते गुपचूप बसले होते. खरं तर पान्यानं आधीच सांगितलं होतं, डोक्यावर सैल फिरत होता. विकणाऱ्यानं पैसे परत दिले नाहीत.

पान्यांवरून आठवलं. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याचा नाही. १/४ डब्ल्यू लिहिलेला पाना तोंडाशी १३.३ मिलिमीटर भरतो. म्हणून आपला १३ चा चढत नाही आणि १४ चा कोपरे मारतो. आमच्या गाडीवरचे निम्मे नट त्यानंच गोल झालेत.

पोलादाचा दर्जा ठीक. पावसाळ्यात पात्यांना तांबारा चढला, तेलाच्या फडक्यात ठेवायला लागलो. बारीक पात्यांवरचे आकडे पुसट झालेत, चष्मा लावूनही २५ की २६ कळत नाही. ही दोन पाती शेजारीच आहेत, म्हणून २६ वर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

पुन्हा घेईन का? घेईन, पण सोबत प्रत्येक मापाचा एकेक खात्रीचा बोल्ट आधी मिळवीन. हल्ली मी तेच करतो. एका फळीवर नमुन्याचे अकरा बोल्ट तारेनं बांधलेत, अनोळखी बोल्ट आला की नमुन्याच्या अंगाला आटे भिडवून उजेडात बघतो. मामांनी परवा ती फळी मागून नेली. अजून परत आलेली नाही.