ब्लूज ज्युनिअरवर मऊ लीड टोन: उन्हाळा-पावसाळा वापरल्यावर

१५ वॅट म्हणजे किरकोळ, असं समजून कुणी फेंडर ब्लूज ज्युनिअर हा गिटार अँप घेत असेल तर थांबा. दोन ईएल८४ (पॉवर ट्यूब), तीन १२एएक्स७ (प्रीअँप ट्यूब) आणि १२ इंची स्पीकर एवढा ऐवज नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मास्टर (शेवटचा आवाज ठरवणारा नॉब) ३ च्या पुढे नेला की शेजारी बेल वाजवतात. आणि मऊ लीडचं, म्हणजे सोलो वाजवतानाच्या गोलसर सुराचं, घोडं अडतं ते इथेच. मास्टर १ वर ठेवून व्हॉल्यूम १० केला तर नुसता प्रीअँप (सिग्नल आधी वाढवणारा भाग) फाटतो. पहिल्या तारेवर डबीत कोंडलेल्या माशीसारखी भुणभुण येते. पॉवर ट्यूबवर थोडा भार आला की सुराचं टोक गोल होतं.

घरासाठी उपाय म्हणजे अँपची स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारा डबा, अ‍ॅटेन्युएटर. तो ८ ओहमचाच हवा आणि निदान ३० वॅट झेपणारा. अँप ते अ‍ॅटेन्युएटर आणि तिथून स्पीकर, दोन्हीकडे स्पीकर केबल लावा, गिटारची नाही. स्पीकर न जोडता अँप चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो खर्च मोठा.

माझं सेटिंग: व्हॉल्यूम ५, मास्टर ६, मिडल ८, ट्रेबल ४, बास ३, रिव्हर्ब २. गिटार हंबकरवाली (दुहेरी कॉइलचे पिकअप असलेली), नेक पिकअप म्हणजे मानेजवळचा, टोन ६ वर. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल: ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल पाऊण, टोन अर्ध्याच्या जरा खाली. हे पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी फाडतं, मध्य पुढे आणतं. बास आधीच आवरला गेल्यामुळे ट्यूबवर पडणारा धक्का स्वच्छ राहतो आणि सूर लांब टिकतो. ड्राइव्ह वाढवून सस्टेन शोधणारे बहुतेक जण शेवटी खरखरच गोळा करतात. पेडल चालू असताना अँपवरचा फॅट (आवाज जाड करणारा) स्विच दाबू नका, खालच्या तारांचा चिखल होतो.

ट्रेबल ठरवताना अँप खुर्चीवर ठेवा आणि कान स्पीकरच्या समोर आणा. जमिनीवरच्या अँपचा तीक्ष्णपणा आपल्या गुडघ्यांना ऐकू येतो, आपल्याला नाही. म्हणून ट्रेबल वाढत जातो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात.

तरीही टोन कडक वाटला तर पहिल्या प्रीअँप ट्यूबच्या जागी ५७५१ ही ट्यूब लावून बघा. १२एएक्स७ चा गेन १००, हिचा ७०. फरक मोठा नाही, पण पिकचा फटका बराच निवळतो. अँपची मेन वायर काढून अर्धा तास थांबा, ट्यूब किंचित हलवत सरळ ओढा. ईएल८४ लाही नऊच पिना असतात आणि ती त्या सॉकेटमध्ये बसतेही, पण जोडणी वेगळी, अदलाबदल नको. चेसिस (आतल्या सर्किटची धातूची पेटी) मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

पावसाळ्यात जॅक आणि पॉट (नॉबमागचे भाग) कुरकुरायला लागतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब वीसेक वेळा फिरवा. लाईट गेली की पॉवर स्विच बंद करा. लाईट परत येताना अँपला झटका बसतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत प्लगला अर्थिंग असेलच असं नाही. तारेला बोट आणि माईकला ओठ एकदम लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं बंद करून आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. घरघर थांबावी म्हणून अर्थची पिन कापणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.