काली-सरयूच्या काठी दोन हंगाम: मासेमारी मार्गदर्शकाच्या इंटर्नशिपचा अनुभव

उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये काली आणि सरयू या नद्यांच्या खोऱ्यातल्या एका खासगी कॅम्पवर मी मासेमारी मार्गदर्शक होण्यासाठी इंटर्नशिप केली. पहिला टप्पा फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, असे मिळून साडेचार महिने झाले. पहिल्या पंधरवड्यानंतर लिहायला बसलो असतो तर रागाने लिहिले असते आणि एप्रिलमध्ये बसलो असतो तर भारावून. आता दोन्ही हंगाम संपले आहेत, अनामत रक्कम परत मिळाली आहे आणि पुढच्या वर्षाचे बोलणेही झाले आहे, तेव्हा थोडे हिशेबाने लिहिता येईल. कॅम्पचे नाव देत नाही. कारण ज्या उणिवा पुढे येतील त्या या धंद्यात इतरत्रही आढळतात, असे तिथे वर्षानुवर्षे येणाऱ्या पाहुण्यांकडून ऐकले.

मी मूळचा महाडकडचा. काळ नदीत वाळणकोंडला वरदायिनी देवीचे मासे म्हणून म्हशीर राखलेले आहेत. त्यांना कुरमुरे टाकणे एवढाच माझा त्या माशाशी लहानपणीचा संबंध होता, कारण तिथे गळ लावण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पुढे पुण्यात चार वर्षे नोकरी करताना सुट्टीच्या दिवशी धरणांच्या काठी गळ टाकण्याचा नाद लागला, आणि मासेमारी आपल्याला येतेच, आता ती लोकांना शिकवायची एवढेच उरले, अशा समजुतीने मी अर्ज केला. अटी अशा होत्या: राहणे-जेवण कॅम्पकडून, महिना ८,००० रुपये विद्यावेतन, साहित्याच्या नुकसानीपोटी १०,००० रुपये अनामत, आणि पहिल्या हंगामात एकट्याने पाहुणा सांभाळायला मिळणार नाही. यातली शेवटची अट वाचताना अपमानास्पद वाटली होती. आज ती या सगळ्या योजनेतली सर्वांत शहाणपणाची अट वाटते.

पहिले अठरा दिवस रॉड हातात आला तो पुसण्यापुरताच. रोज संध्याकाळी रील उघडून त्यातली वाळू काढायची, ओल्या लाइन सावलीत वाळवायच्या आणि नव्या प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. इथे लागलेला प्रत्येक मासा पुन्हा पाण्यात सोडला जातो, आणि काटा सपाट असला की गळ ओठ न फाटता क्षणात निघतो. यानंतर गाठी. ज्यांच्या हाताखाली मला दिले होते ते गृहस्थ साठीच्या आसपासचे. अशा कॅम्पांवर मार्गदर्शकाला ‘गिली’ म्हणतात, हा स्कॉटलंडच्या नद्यांवरून साहेबाबरोबर आलेला शब्द. सगळे त्यांना दाज्यू म्हणत आणि ते मला भुला, म्हणजे धाकटा भाऊ. दाज्यू रोज माझ्याकडून चाळीस गाठी बांधून घेत आणि त्यातल्या कोणत्याही पाच स्वतः ओढून बघत. एक जरी सुटली तरी पुन्हा चाळीस. बोलत काहीच नसत, हीच त्यांची शिकवण्याची पद्धत होती, आणि ज्याला समजावून सांगणारा शिक्षक हवा असतो त्याला ती फार जड जाते.

खरी शिकवणी सुरू झाली ती पाणी वाचण्याची, आणि माझ्या मते या इंटर्नशिपचे निम्म्याहून अधिक मोल तिथेच वसूल होते. काली बर्फाचे पाणी घेऊन येते, त्यामुळे तिचा रंग राखाडी आणि स्पर्श थंड. सरयू तिच्या तुलनेत नितळ आणि उबदार. संगमाच्या खाली बऱ्याच अंतरापर्यंत ही दोन पाणी शेजारी-शेजारी चालतात आणि त्यांच्यामधली शिवण डोळ्यांना स्पष्ट दिसते. म्हशीर या शिवणीवर, नितळ बाजूला उभा राहतो, कारण गढुळातून भांबावून बाहेर पडणारी लहान मासळी त्याला तिथे आयती मिळते. एप्रिलमध्ये ऊन तापले की वरचे बर्फ वितळून ही शिवण सरयूच्या बाजूला सरकते, आणि सकाळी जिथे गळ टाकणे बरोबर होते तिथे दुपारनंतर ते व्यर्थ ठरते. मी धरणाच्या स्थिर पाण्यावर शिकलेला माणूस, त्यामुळे जागा एकदा सापडली की ती आपली, ही माझी सवय मोडायला महिना गेला. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल नसेल तर यातले काहीच दिसत नाही. साहित्यातली एकच गोष्ट चांगली घ्यायची असेल तर रॉड नको, गॉगल घ्यावा.

पाण्याच्या पातळीचेही तसेच. बर्फाबरोबरच वरच्या जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यानेही काली चढते-उतरते. पाहुण्याला नदीतल्या खडकावर उभे करण्यापूर्वी दाज्यू पाण्याच्या कडेला एक कोरडा पांढरा दगड ठेवत आणि बोलता बोलता त्याच्याकडे नजर टाकत. दगड ओला झाला की मासा लागलेला असो वा नसो, पाहुणा काठावर. एका गृहस्थांनी यावरून फार वाद घातला होता. वीस मिनिटांनी ते ज्या खडकावर उभे होते तो दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी दाज्यूंना स्वतःहून चहा करून दिला.

माझी सर्वांत मोठी चूक मार्चअखेरीस घडली. मुंबईहून आलेले एक सत्तरीचे पाहुणे तीन दिवस रिकाम्या हाताने बसले होते. खांदा दुखत असल्याने त्यांना लांब फेकता येत नव्हते, म्हणून मी त्यांना डोहाच्या शेपटाशी, जिथे पाणी आपोआप आमिष वाहून नेते अशा जागी उभे केले होते, आणि हे सुचल्याबद्दल मनातून स्वतःवर खूशही होतो. चौथ्या दिवशी मासा लागला. रील करकरत असताना सत्तर-ऐंशी मीटर लाइन गेली, आणि मग सगळे ढिले पडले. दाज्यूंनी लाइन ओढून तिचे टोक पाहिले आणि माझ्या हातात दिले. दोरा दगडाला घासून तुटला तर टोक खरबरीत होते; गाठ सुटली तर टोकाला काकडीच्या वेलाच्या ताण्यासारखी वळी पडते. माझ्या हातात ताणा होता. गाठ आवळण्याआधी तंगूस, म्हणजे लाइनचा नायलॉनचा दोरा, ओला करायचा असतो, नाहीतर घर्षणाने तो तिथेच तापून कमजोर होतो आणि गाठही नीट बसत नाही. घाईत मी ती कोरडीच ओढली होती. पाहुण्यांनी विचारले, “दगडाला लागली का हो?” ‘हो’ म्हणून सुटणे अगदी सोपे होते. मी म्हणालो की गाठ माझी होती आणि ती सुटली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “आता दुसरी बांधा.” त्या दिवसापासून दाज्यूंनी माझ्या गाठी ओढून बघणे बंद केले. ते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

मासा हाताळणे हा स्वतंत्र विषय आहे आणि इथले शिक्षण त्यात निर्दोष होते. हात आधी ओले करायचे, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. कल्ल्यांत बोटे घालायची नाहीत. मासा वाळूवर ओढायचा नाही. छायाचित्र हवे असेल तर पाहुण्यालाच पाण्यात उतरवायचे आणि मासा काही क्षणांपुरताच पाण्याच्या वर धरायचा. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, दोन्ही हातांचा आधार देऊन, तो स्वतः शेपूट मारून जाईपर्यंत थांबायचे. ऐकायला सोपे वाटते, पण ज्या पाहुण्याने या एका छायाचित्रासाठी हजारो रुपये आणि दोन दिवसांचा प्रवास खर्च केला आहे, त्याला “साहेब, आता पुरे” असे म्हणणे हे या नोकरीतले सर्वांत अवघड वाक्य आहे. सोनेरी म्हशीर जागतिक लाल यादीत संकटग्रस्त गणला जातो, एवढे सांगून काम होत नाही. आवाज कोणत्या पट्टीत ठेवायचा हे दाज्यूंकडे पाहूनच समजले.

पाहुण्यांशी बोलण्यासाठी माशांची माहिती लागते आणि ती कॅम्पवर कोणी शिकवत नाही. माझी फजिती झाल्यावर मी ती स्वतः मिळवली. आपल्याकडचा दख्खनी म्हशीर साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून शास्त्राला कळवला, आणि लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास होते, हे मी एका पाहुण्यांना अभिमानाने सांगत होतो. ते मत्स्यशास्त्राचे अभ्यासक निघाले. त्यांनी शांतपणे सांगितले की याच म्हशीरची पिल्ले पूर्वी कावेरीत सोडली गेली, ती तिथे फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला म्हशीर दुर्मीळ होत गेला. त्या माशाचे शास्त्रीय नाव २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. चांगल्या हेतूने सोडलेला मासा दुसऱ्या नदीत पाहुणा न राहता मालक होऊन बसतो, ही गोष्ट तेव्हापासून मी प्रत्येक गटाला सांगतो, आणि सुरुवात लोणावळ्यापासूनच करतो.

दुसरा हंगाम वेगळाच होता. पावसाळ्यात म्हशीर अंडी घालायला लहान उपनद्यांत, कुमाउनीत ज्यांना ‘गाड’ म्हणतात त्यांत चढतो आणि पाणी ओसरू लागले की परत मोठ्या नदीत उतरतो. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये सगळे लक्ष गाडांच्या मुखांवर असते. मी वहीत काढून ठेवलेले वसंतातले नकाशे निरुपयोगी झाले होते. दोन डोह वाळूने भरले होते आणि जिथे गुडघाभर पाणी होते तिथे तळ लागत नव्हता. या टप्प्यात मला पाहुणे एकट्याने दिले गेले आणि तिथेच कळले की दुसरा हंगाम केल्याशिवाय ही इंटर्नशिप अर्धवट आहे. एकाच हंगामाचा पर्याय देऊ केला जातो. तो घेऊ नये.

आता उणिवा. शिकवण्याचा लेखी आराखडा काहीच नाही. तुम्हाला चांगला गिली मिळाला तर तुम्ही शिकता, नाही मिळाला तर भांडी आणि रॉड धुऊन परत येता, आणि माझ्याबरोबर आलेल्या दुसऱ्या मुलाचे तसेच झाले. प्रथमोपचार आणि वाहत्या पाण्यातला बचाव या गोष्टी पहिल्या आठवड्यात शिकवायला हव्यात, त्या शिकवल्याच नाहीत. त्या मी पावसाळ्यात स्वतःच्या खर्चाने शिकून आलो. लाइफ जॅकेट होती, पण पाहुण्यांपुरती मोजून. विद्यावेतन दोनदा महिनाभर उशिरा आले आणि अनामत परत मिळायला सात आठवडे लागले, तेही एका जुन्या रीलवरच्या ओरखड्यांचा हिशेब मला तीनदा समजावून घ्यावा लागल्यानंतर. तेव्हा साहित्य ताब्यात घेताना प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढून ठेवावे. जेवणाबद्दल तक्रार नाही. मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरीच, आणि भटाची चुडकाणी, म्हणजे काळ्या सोयाबीनची पातळ भाजी, मी आता घरी करतो.

अर्ज करण्यापूर्वी मासेमारीचा परवाना कोणाच्या नावे आणि कोणत्या पट्ट्यासाठी आहे, हा प्रश्न विद्यावेतनाच्याही आधी विचारावा. हा सगळा व्यवसाय परवानगीवर उभा आहे. कावेरीवर भीमेश्वरी, गॅलिबोर, दोड्डमकळी ही नावे एकेकाळी गळाच्या मासेमारीसाठी दूरदेशी माहीत होती आणि पूर्वी चोरून मासे मारणारे कितीतरी स्थानिक तिथे गिली झाले होते. तो पट्टा अभयारण्याचा असल्याने तिथली मासेमारी पुढे बंद झाली आणि त्यांच्या हातातले काम गेले. इथेही पंचेश्वरला, काली-सरयूच्या संगमाच्या थोडे खाली, १९९६ च्या भारत-नेपाळ महाकाली कराराखाली, तीनशे मीटरहून उंच धरण प्रस्तावित आहे. ते कधी होईल हे काठावरच्या कोणालाच सांगता येत नाही, पण झाले तर मी शिकलेली एक-एक धार पाण्याखाली जाईल. पंचवीस वर्षांच्या नोकरीचा विचार करणाऱ्याने हे आधी मनात घ्यावे.

पैशांचे गणित सरळ आहे: वर्षातले पाच महिने काम, बाकीचे सात महिने दुसरी सोय. पुढच्या फेब्रुवारीपासून मला सहायक गिली म्हणून दिवसाच्या हिशेबाने बोलावले आहे, आणि पावसाळ्यात मी पुण्यातल्या जुन्या कार्यालयाचे काम घरून करणार आहे. कॅम्पने दिलेले प्रमाणपत्र आजवर कोणी पाहायला मागितलेले नाही. बोलावणे आले ते दोन पाहुण्यांनी पुन्हा येताना माझे नाव घेतल्यामुळे.

भरपूर मासेमारी करायला मिळेल म्हणून कोणी येणार असेल तर त्याने पाहुणा म्हणूनच यावे. साडेचार महिन्यांत मी स्वतःसाठी नऊ दिवस गळ टाकला आणि दोन मासे लागले. त्यातला मोठा नोव्हेंबरमध्ये, एका गाडाच्या मुखाशी, अंधार पडता पडता लागला. दाज्यूंनी पाण्यात उतरून त्याला हात दिला, सोडला, आणि वर येऊन म्हणाले की उद्याचे पाहुणे साडेचारला उठतील, तेव्हा त्यांच्या लाइन अजून बदलायच्या आहेत.