स्कॅनवाला सेन्सर सोडून अलार्मवाला लावला: आठ महिन्यांचा अनुभव

दंडावर चिकटवून साखर मोजणारा सेन्सर मी बदलला, त्याची ही गोष्ट. आधी माझी ओळख, म्हणजे हे आकडे तुम्हाला कितपत लागू पडतील ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. वय 47, टाइप 1 मधुमेह, एकविसाव्या वर्षापासून. इन्सुलिनचा पंप नाही, पेनं आहेत. रात्री दहाला बेसल (संथपणे दिवसभर पुरणारं इन्सुलिन) आणि तिन्ही जेवणांआधी झटपट लागणारं, अशी दिवसाला चार इंजेक्शनं. राहते इंदूरला, सुदामानगरात. क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीचे हिशेब बघते, त्यामुळे दोन वह्यांचे आकडे जुळेनासे झाले की मला झोप लागत नाही. हा पूर्ण लेख त्या खोडीतूनच आलाय.

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीचे दोन सेन्सरसुद्धा सारखे निघत नाहीत, मग माझ्या एका दंडावरून कुणाला कशाला नावं ठेवा. एकाला ‘जुना’ म्हणते, दुसऱ्याला ‘नवा’.

जुना दोन वर्षं वापरला. चौदा दिवस चालायचा, फोन दंडाजवळ नेला की टिंग करून आकडा दाखवायचा. त्याची आठवण आठ तासांची. आठ तासांत एकदा तरी स्कॅन केलं नाही तर त्याआधीचं सगळं पुसलं जातं. मी दहाला झोपून साडेसहाला उठणारी, म्हणजे रोज अर्ध्या तासाचं भोक आलेखात ठरलेलं. त्याचं काही वाटायचं नाही. वाटलं ते गेल्या ऑक्टोबरात. पहाटे पाचला जाग आली ती उशी घामाने ओली, हात थरथरतायत, स्कॅन केलं तर साखर 48, म्हणजे फारच कमी. आलेख बघितला तर रेघ तीनपासून खाली. म्हणजे त्याला दोन तास माहीत होतं, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा त्याचा धर्म. ह्यांनी त्याच दिवशी ठरवलं, अलार्मवाला घ्यायचा.

नवा दर पाच मिनिटांनी ब्लूटूथवरून स्वतःहून आकडा पाठवतो, दिवसाला 288. साखर ठरवलेल्या रेघेखाली गेली की फोन बोंबलतो, आणि तोच आकडा पुण्यात आमच्या चिरंजीवांच्या फोनवरही जातो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावला.

पहिल्याच रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अलार्म. 52, आणि साखर कुठे चाललीय ते दाखवणारा बाण खाली. मी अर्धवट झोपेत, हे दिवा लावून ग्लुकोजचा डबा शोधतायत, आणि तेवढ्यात पुण्याहून फोन: “आई, उठलीस का? काही खाल्लंस का?” चार चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून घशाखाली घातलं आणि मग सुचलं की बोट टोचून तरी बघावं. ग्लुकोमीटर म्हणाला 121. सकाळी उठले तेव्हा अडीचशेच्या वर.

झालं काय होतं ते नंतर कळलं. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो. ज्या कुशीवर झोपलो त्या बाजूचा दंड दाबला गेला की तिथला द्रव नीट फिरत नाही आणि आकडा खोटाच खाली येतो. आलेखात तो ओळखू येतो: खड्ड्यासारखा एकदम खाली, कूस बदलली की एकदम वर. खऱ्या ‘लो’ची, म्हणजे साखर खरंच खाली जाते तेव्हाची, रेघ सहसा उतरणीची असते, विहिरीसारखी नसते. त्यात पहिले चोवीस तास सेन्सर कातडीत रुळत असतो, तेव्हाचे आकडे तसेही बेभरवशाचे. दोन्ही एकाच रात्री माझ्या वाट्याला आलं. हा प्रकार जुन्यातही होत असणारच, फक्त तो गप्प बसायचा म्हणून मला कधी कळला नाही.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. पुढची चूक माझी, आणि ती हसण्यासारखी नाही.

पहिल्या तीन आठवड्यांत रात्री सात वेळा अलार्म वाजला. प्रत्येक वेळी बोट टोचलं असं नाही, थंडीत दोन वाजता पांघरुणातून हात बाहेर काढायची इच्छा कुणाला असते. मी धरून चालले की रात्री साखर खाली जातेय, म्हणजे बेसल जास्त होतंय. 18 युनिटचं 16 केलं, डिसेंबरात 14. डॉक्टरांना विचारलं नाही. सव्वीस वर्षं टोचून घेतल्यावर माणसाला वाटतं की आपल्याला कळतं. अलार्म थांबले, ॲपवरचे आकडे सुंदर दिसू लागले, साखर 70 ते 180 मध्ये राहिल्याचा वेळ 78 टक्क्यांवर. लक्ष्य सत्तर टक्क्यांच्या वरचं असतं, म्हणजे मी पहिल्या वर्गात पास. तीन महिन्यांची सरासरी 150, त्यावरून ॲपने काढलेला एचबीएवनसीचा (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) अंदाज 6.9.

फेब्रुवारीत लॅबमधून एचबीएवनसी आलं 7.6.

जुन्या सेन्सरच्या वेळी ॲपचा अंदाज आणि लॅबचा आकडा यांत 0.1 चा फरक असायचा, जास्तीत जास्त 0.2. इथे 0.7. लॅबचं 7.6 उलटं फिरवलं तर सरासरी येते 171 च्या आसपास. म्हणजे एका वहीत 150, दुसऱ्या वहीत 171. रक्त कमी असेल तर एचबीएवनसी फसवू शकतं हे माहीत होतं, म्हणून हिमोग्लोबिन बघितलं, ते नेहमीसारखंच. डॉक्टर चिडले नाहीत, फक्त म्हणाले, “दोघांतलं एक खोटं बोलतंय. कोण ते बोटालाच विचारा.”

जुन्यातले दोन सेन्सर कपाटात शिल्लक होते. एक काढला, डाव्या दंडाला जुना, उजव्या दंडाला नवा, आणि स्ट्रिपांचं पन्नासचं खोकं. दहा दिवस, रोज पाच वेळा बोट. दोन पथ्यं पाळली. एक, बाण आडवा असतानाच मोजायचं, कारण साखर चढत-उतरत असताना तो द्रव रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो, तेव्हाच्या तुलनेला अर्थ नाही. दुसरं, हात साबणाने धुवून पुसायचे. एकदा जिलबीच्या बोटाने टोचलं आणि 310 आलं होतं, धुवून परत टोचलं तर 140. घरात सगळे मला कारखान्याचा मीटर समजायला लागले होते. वहीत पाच रकाने: वेळ, बोट, डावा, उजवा, शेरा.

पन्नास ओळींची बेरीज केली. जुना ग्लुकोमीटरपेक्षा सरासरी 6 ने वर, नवा सरासरी 19 ने खाली. ग्लुकोमीटर म्हणजेही काही ब्रह्मवाक्य नाही. नियमानुसार त्याला शंभराच्या वर पंधरा टक्क्यांपर्यंत चुकायची मुभा आहे, शंभराखाली पंधरा अंकांची. पण तो कधी वर चुकेल, कधी खाली. पन्नासांपैकी शेहेचाळीस वेळा नवा खालीच, याला चूक नाही म्हणत, कल म्हणतात. आणि मी त्या कलावर भरवसा ठेवून चार युनिट बेसल कापलं होतं.

इथे एक उतावीळ निष्कर्ष निघतो तो काढू नका: नव्यात एकोणीस मिळवा आणि पुढे चला. मार्चमधल्या पुढच्या सेन्सरचा फरक आठच निघाला, त्याच्या पुढचा जवळजवळ बरोबर. म्हणून आता प्रत्येक नवीन सेन्सरला दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मिळून पाच-सहा वेळा बोटाशी ताडून बघते, मग त्याचा स्वभाव कळतो. बेसल डॉक्टरांशी बोलून 17 वर आणलं. मे महिन्यातलं एचबीएवनसी 7.2.

बाणांचंही तसंच. जुन्यात सरळ वर बाण म्हणजे साखर मिनिटाला 2 अंकांपेक्षा जास्त वेगाने चढतेय, त्याच्या वर काही नाहीच. नव्यात 3 च्या पुढे दोन बाण येतात. म्हणजे जुन्यातला एक बाण कधी नव्यातला एक असतो, कधी दोन. मी महिनाभर नव्यातला एकच बाण बघून “फार नाही” म्हणत राहिले. सेन्सर बदलणाऱ्याने माहितीपत्रकातलं बाणांचं पान आधी वाचावं. माझं पत्रक खोक्याबरोबर रद्दीत गेलं होतं. त्याच पत्रकात औषधांचाही तक्ता असतो. काही सेन्सर रोज 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं तर खोटा वाढीव आकडा देतात, काहींना पॅरासिटामॉलचा जास्त डोस चालत नाही. हिवाळ्यात संत्र्याच्या चवीच्या गोळ्या चघळायची सवय असेल तर हे बघाच.

आता नव्याचं कौतुक, कारण ते खरंच आहे. दर पाच मिनिटांची रेघ असल्यामुळे इंदूरच्या खाण्याची खरी कुंडली मला आत्ता कळली. पोहे-जिलबीचा डोंगर सगळ्यांना माहीत असतो. मला फसवत होते दाल-बाफले. बाफला म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, तुपात बुडवलेला, तुपाने पचन लांबतं. मी नेहमीसारखं जेवणाआधी पूर्ण इंजेक्शन घ्यायचे, तासाभरात साखर 75 वर, म्हणून वर लाडू खायचे (तो तसाही खायचाच असतो), आणि चार तासांनी 280. इतकी वर्षं मी लाडवाला शिव्या दिल्या. रेघ बघितल्यावर कळलं की इंजेक्शन आधी पोचतंय आणि बाफला मागाहून. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस दोन भागांत घेते. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (कंदाचे तुकडे) खाल्ले तरी हीच गोष्ट, तळलेले ते, सरळ पहाटेचा हिशेब बिघडवतात.

चिकटण्याच्या बाबतीत जुना बरा. नवा उंचीला जरा जास्त आहे आणि ब्लाऊजच्या बाहीत अडकतो. डिसेंबरात एका लग्नाला तयार होताना बाही वर ओढली आणि सेन्सर चौथ्या दिवशी हातात आला. पाच हजारांच्या आसपासचा माल. आता शिंप्याला बाही अर्धा इंच सैल ठेवायला सांगते आणि सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला, बाहीच्या काठाखाली येईल असा लावते. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेले तेव्हा वरून चिकटपट्टीचे दोन थर लावले होते. टँकरच्या रंगीत पाण्याचा मारा त्याने झेलला, पट्टी मात्र आठवडाभर गुलाबी राहिली. मे महिन्यात घामाने कडा सुटतात. लावण्याआधी दंडाला तेल, क्रीम काही नको, स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, मग टिकतो. काढताना खोबरेल तेल पाच मिनिटं लावून ठेवलं तर कातडी सोलवटत नाही.

फोनकडेही बघा. बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर फोन ॲपला रात्री झोपवून टाकतो आणि अलार्म वाजतच नाही. ज्यासाठी पैसे मोजले तेच बंद! आणि फोन बैठकीत ठेवून मी गच्चीवर पापड वाळवायला गेले की संपर्क तुटतो. मधले आकडे परत आल्यावर भरले जातात, पण मधला अलार्म गेला तो गेलाच.

पैशांचं सांगायचं तर महिन्याला दोन सेन्सर, दहा हजारांच्या आगेमागे. माझ्या विम्यात बसत नाही. जुना असताना मी एक आड एक चौदा दिवस लावायचे, मधे नुसतं बोट. अलार्मवाल्यात तसं जमत नाही, सवय झाली की बिनअलार्मची रात्र नको वाटते. भिशीचे पैसे इकडे वळवलेत आणि एका सेन्सरचे पैसे चिरंजीव देतात. त्यामुळे रात्री दोनला फोन करायचा त्यांना हक्क मिळालाय असं त्यांचं म्हणणं. आमचं त्यावरून एकदा जोरात वाजलं. भाऊबिजेच्या जेवणानंतर 230 बघून त्याने “काय खाल्लंस?” विचारलं तेव्हा मी त्याला यादीतूनच काढून टाकलं होतं. नंतर तह झाला: त्याच्याकडे फक्त 60 खालचा अलार्म, वरचे आकडे त्याला दिसले तरी बोलायचं नाही. बहुतेक वेळा पाळतो.

मेच्या शेवटी एक सेन्सर नवव्या दिवशी मेला. तक्रार केली, बदली आली, पण यायला सहा दिवस लागले. मधल्या काळात कपाटातला शेवटचा जुना काढून लावला आणि कळलं की मी स्कॅन करायचंच विसरलेय. पहिल्या दिवशी अर्धा आलेख कोरा. रात्री झोप येईना, कारण आता हा काही बोलणार नाही हे माहीत. शेवटी साध्या घड्याळात तीनचा गजर लावला. गजर झाला तेव्हा मला जागच आली नाही. ह्यांनी उठून पांघरुणावरूनच फोन माझ्या दंडाला टेकवला, टिंग झालं तेव्हा मी डोळे उघडले.

“एकशे बारा,” हे म्हणाले. “झोप.”