कर्लमधलं वेबसॉकेट: ऐकायला उत्तम, बोलायला अर्धवट

वेबसॉकेट म्हणजे क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी राहणारी दुतर्फा लाइन. तिचा सर्व्हर नीट चालतोय का, हे टर्मिनलवरून बघायचं तर बरीच वर्षं दोनच वाटा होत्या. एक तर त्यासाठी वेगळं साधन बसवायचं, नाहीतर कर्लला (वेब पत्त्यांशी टर्मिनलवरून बोलणाऱ्या कमांडला) सगळे हेडर हाताने लिहून देऊन हॅन्डशेक, म्हणजे सुरुवातीची ओळखपाळख, करायला लावायचा. दुसरी वाट मी खूप तुडवली आहे. कनेक्शनमध्ये अपग्रेड, अपग्रेडमध्ये वेबसॉकेट, व्हर्जन १३, आणि बेस६४ केलेली १६ बाइटची किल्ली. एवढं दिलं की सर्व्हर १०१, म्हणजे होकार, पाठवायचा, पण पुढे काय करायचं ते कर्लला ठाऊक नसे. फ्रेमचे, म्हणजे संदेश ज्या वेष्टनात येतो त्याचे, बाइट जसेच्या तसे पडद्यावर यायचे. संदेश १२५ बाइटांपेक्षा मोठा असला की जेसनच्या (आमचे आकडे ज्या मजकुराच्या रूपात येतात त्याच्या) आधी ‘~’ दिसायचा, कारण लांबीच्या जागी तेव्हा १२६ हा आकडा येतो आणि आस्कीत १२६ म्हणजे हेच चिन्ह. पिंगला, म्हणजे सर्व्हरच्या ‘आहेस का?’ या विचारणेला, उत्तर द्यायलाही कोणी नाही. आमचा सर्व्हर पायथनच्या ‘वेबसॉकेट्स’ लायब्ररीवर आहे. तिच्या मूळ मांडणीप्रमाणे दर २० सेकंदांनी पिंग जातो आणि उत्तरासाठी २० सेकंद वाट पाहिली जाते. म्हणजे पाऊण मिनिटाच्या आत लाइन बंद.

ही अडचण कर्लवाल्यांनीच सोडवली. ७.८६ आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, वेबसॉकेट प्रायोगिक म्हणून आलं, आणि नोव्हेंबर २०२४ च्या ८.११ मध्ये ‘प्रायोगिक’ हा शिक्का निघाला. मी लिहितेय ते ८.११ बद्दल, आणि तेही माझ्या कामापुरतं. आम्ही द्राक्षांच्या शीतगृहांमधलं तापमान आणि आर्द्रता पुण्यातल्या सर्व्हरवर आणतो. प्रत्येक शीतगृहात एक छोटा लिनक्स गेटवे भिंतीवर टांगलेला असतो. त्यावर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) बसवायला जागाच नाही, पण कर्ल आधीपासून असतं. म्हणून ही सोय माझ्यासाठी फार मोलाची आहे.

वापर अगदी सरळ आहे. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएसऐवजी डब्ल्यूएसएस लिहायचं. हॅन्डशेक, फ्रेम सोडवणं, पिंगला पाँग हे उत्तर, हे सगळं कर्ल स्वतः करतं आणि पडद्यावर फक्त मजकूर येतो. दोन संदेशांच्या मध्ये ते नवी ओळ घालत नाही, त्यामुळे जेसनमागून जेसन चिकटून येतं. डोळ्यांना त्रास होतो, पण पाइप करून जेक्यू या जेसन वाचणाऱ्या साधनाला दिलं की तो प्रत्येक जेसन वेगळा ओळखतो. बफर न करण्याचा ‘-एन’ फ्लॅग मात्र विसरू नका, नाहीतर पाइपमध्ये आकडे साठून राहतात आणि सेन्सर बंद पडलाय असं वाटतं.

खरं सुख पुढे आहे. कर्लचे जे फ्लॅग आमच्या टीमच्या बोटांवर आहेत, ते सगळे इथेही चालतात. टोकनसाठी हेडर, क्लायंट सर्टिफिकेट, स्वतःचं सीए (सर्टिफिकेटवर सही करणारा), बोलकं आउटपुट देणारा ‘-व्ही’. त्यातही ‘रिझॉल्व्ह’ हा फ्लॅग मला सर्वात प्रिय. सर्व्हर हलवताना डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी नोंद) बदलायच्या आधीच नव्या यंत्राचा आयपी त्याच नावाखाली देऊन बघता येतं. सर्टिफिकेट त्या नावाला जुळतं का, अपग्रेड होतो का, आकडे येतात का, हे सगळं ग्राहकाला हात न लावता कळतं. हे एका ओळीत होणं ही साधी गोष्ट नाही.

आणि एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा. आमचे तंत्रज्ञ शीतगृहावर जातात तेव्हा त्यांच्याजवळ एक छोटी स्क्रिप्ट असते. ती ‘मॅक्स-टाइम’ देऊन कर्ल चालवते आणि शेवटी कोड दाखवते. फोन येतो, “मॅडम, बावीस आलंय.” बावीस म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलो, पण त्याने अपग्रेड नाकारला. वरच्या ओळीत सर्व्हरने कोणत्या एचटीटीपी कोडने नाकारला तेही लिहिलेलं असतं. ४०१ असेल तर टोकन बघायचं. ४२६ असेल तर मधल्या एनजिनएक्स या प्रॉक्सीची मांडणी बघायची, कारण अपग्रेड हे हेडर तो आपणहून पुढे पाठवत नाही, ते कॉन्फिगमध्ये लिहावं लागतं. सहा आला तर डीएनएस, सात आला तर जोडणीच नाही. साठ आला की मी विचारते, “दादा, रात्री लाइट गेली होती का?” गेटवेच्या घड्याळाला बॅटरी नाही. वीज गेली की तारीख मागे जाते, आणि मग सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही असं त्याला वाटतं. एरवी अठ्ठावीस म्हणजे वेळ संपली, म्हणजे वाईट. इथे मात्र आकडे दिसून मग अठ्ठावीस आला तर सगळं ठीक. लाइन उघडी राहिली आणि वेळ आपण ठरवली तशी संपली. हे तंत्रज्ञाला एकदा समजावून सांगावं लागतं.

आता उणं. ८.११ च्या कमांड लाइनवरून संदेश पाठवता येत नाही, फक्त ऐकता येतं. आपण टाइप करावं, एंटर दाबावा आणि ती ओळ सर्व्हरला जावी, एवढी माफक अपेक्षा पूर्ण होत नाही. जिथे जोडल्याबरोबर ‘अमुक चॅनेल द्या’ असा संदेश पाठवल्याशिवाय सर्व्हर काहीच देत नाही, तिथे कमांडचा उपयोग हॅन्डशेक तपासण्यापुरताच. मला हे मनापासून खटकतं. त्या कामासाठी मी लॅपटॉपवर वेबसॉकॅट ठेवते. रस्टमध्ये लिहिलेलं एकच बायनरी, एक ओळ म्हणजे एक संदेश, आणि वेळ पडली तर तेच सर्व्हरही होतं. बोलायचं असेल तर तेच घ्या, मी दुसरं काही सुचवणार नाही. नोड आधीपासून असेल तर डब्ल्यूएसकॅटही चालेल.

कर्लच्या स्वतःच्या सी लायब्ररीत मात्र बोलण्याची पूर्ण सोय आहे, आणि गेटवेवरचा आमचा सीमधला प्रोग्राम त्यावरच उभा आहे. ‘कनेक्ट-ओन्ली’ला २ द्यायचा, हॅन्डशेक होऊ द्यायचा, मग पाठवायला ‘डब्ल्यूएस-सेंड’ आणि घ्यायला ‘डब्ल्यूएस-रिसीव्ह’. डिसेंबर २०११ च्या आरएफसी ६४५५ या वेबसॉकेटच्या मानकाप्रमाणे क्लायंटने पाठवलेली प्रत्येक फ्रेम चार बाइटांच्या किल्लीने मास्क करावीच लागते. ते लायब्ररी आपल्याआपण करते. मोठा संदेश तुकड्यांनी येतो आणि किती बाइट उरलेत ते सोबत कळतं, म्हणून मोठा बफर राखून ठेवावा लागत नाही. कमी मेमरीच्या यंत्रावर याची किंमत कळते.

एक सांभाळायचं. वाचायला काही नसलं की ‘रिसीव्ह’ थांबत नाही, ‘अगेन’ म्हणून लगेच परत येतं. तसंच लूपमध्ये फिरवलं तर प्रोसेसर पूर्ण गुंततो. सॉकेट मागून घेऊन त्यावर पोल करायचं (नवं काही येईपर्यंत थांबायचं), पण ‘अगेन’ येईपर्यंत आधी वाचून संपवायचं. टीएलएस या मजकूर सांकेतिक करणाऱ्या थराच्या पोटात आधीच उलगडलेला मजकूर शिल्लक असू शकतो, आणि पोलला तो दिसत नाही. मॅन्युअलमध्ये हे इतक्या ठळकपणे लिहिलेलं असतं तर अनेकांची रात्र वाचली असती.

कॉम्प्रेशन नाही, एचटीटीपी २ वरून वेबसॉकेट नाही. आमचे संदेश लहान, म्हणून अडत नाही. व्हिडिओ किंवा बाजारभावाचा मोठा प्रवाह असेल त्यांनी आधी मोजून बघावं. क्लायंटकडून ठरावीक अंतराने पिंग पाठवायची सोयही आपल्यालाच लिहावी लागते. मोबाइल नेटवर्कवर शांत पडलेली लाइन मध्येच कापली जाते, म्हणून आम्ही ती लिहिली. ती लायब्ररीत यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

बसवण्याआधी ‘कर्ल व्हर्जन’ चालवून प्रोटोकॉलच्या ओळीत डब्ल्यूएस आणि डब्ल्यूएसएस आहेत का ते बघा. ८.११ पासून ते मुळातच चालू असतात, पण छोट्या यंत्रांसाठी बांधताना बरेच जण आकार कमी करायला प्रोटोकॉल काढून टाकतात. नसतील तर स्वतः बांधून घ्या. आम्ही गेटवेसाठी एफटीपी, टेलनेट, मेलचे सगळे प्रोटोकॉल काढले आणि एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि हे दोन एवढेच ठेवले.