बर्फातल्या सुट्टीसाठी स्विस रेल्वेची आगाऊ तिकिटे: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जुलैपासून या मे महिन्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा महिने, मी स्विस रेल्वेचे ॲप आणि तिची सवलतीची आगाऊ तिकिटे वापरत आलो आहे. सुरुवात आमच्या चौघांच्या जानेवारीतील स्कीइंगच्या सहलीपासून झाली आणि त्यानंतर कोल्हापुरातील आणखी दोन कुटुंबांची आरक्षणे मी करून दिली. स्वित्झर्लंडच्या सहलींबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले जाते, परंतु ते बहुतेक फिरत्या सहलींबद्दल असते. एकाच गावात मुक्काम करून रोज बर्फावर जाणाऱ्या कुटुंबाचा तिकिटांचा हिशेब त्याहून अगदी वेगळा असतो, आणि तो वेळीच ध्यानात न आल्यामुळे आमचे बरेच पैसे वाया जाण्याच्या बेतात होते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही मुक्कामासाठी वेंगेन हे गाव निवडले. ते १,२७४ मीटर उंचीवर आहे, तेथे मोटारींना प्रवेश नाही आणि खालच्या लाउटरब्रुनेनहून तेथे दातेरी रुळांच्या छोट्या गाडीनेच जावे लागते. ही वेंगर्नआल्प रेल्वे १८९३ पासून धावते आहे. झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे. तेथून बर्न, इंटरलाकेन ओस्ट आणि लाउटरब्रुनेन अशा तीन ठिकाणी गाडी बदलून वेंगेनला पोहोचण्यास साडेतीन तासांच्या आसपास लागतात.

चौकशीला गेलो तेव्हा सहलींचे काम करणाऱ्या एका परिचितांनी आम्हाला थेट आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे देशभर रेल्वेने हवे तितके फिरण्याचा पास, सुचवला. हा पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांसाठी मिळतो, आणि रोज नवे गाव पाहणाऱ्यांसाठी तो उत्तम आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु आम्ही आठांपैकी सहा दिवस वेंगेनमध्येच राहणार होतो. वेंगेनहून वर क्लाइने शायडेगला, म्हणजे २,०६१ मीटरवर, जाणारी गाडी स्की करणाऱ्यांना उतारांच्या माथ्यावर नेते आणि तिचे भाडे स्की-पासमध्येच, म्हणजे स्कीच्या उतारांवर जाण्याच्या तिकिटातच, धरलेले असते. म्हणजे मुक्कामातील रोजच्या प्रवासाचे पैसे आम्ही एकदा स्की-पासमध्ये भरणारच होतो. त्याच दिवसांसाठी रेल्वेचा पासही घेणे म्हणजे एकाच प्रवासासाठी दोनदा पैसे मोजणे झाले असते. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा लक्षात आले की आमच्या सहलीत खऱ्या अर्थाने रेल्वे प्रवासाचे दिवस दोनच होते, एक पोहोचण्याचा आणि दुसरा परतण्याचा. हे दोन दिवसही स्वभावाने एकसारखे नसतात, आणि माझ्या मते आगाऊ आरक्षणाचे सारे मर्म त्यातच आहे.

स्विस रेल्वेची स्वस्त तिकिटे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. सुपरसेव्हर तिकिटावर ७० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, मात्र ते निवडलेल्या तारखेच्या निवडलेल्या गाडीलाच चालते. सेव्हर डे पास हा दिवसभराचा पास असून त्या तारखेला कोणत्याही गाडीने, कितीही वेळा प्रवास करता येतो. तो दुसऱ्या वर्गासाठी ५२ फ्रँकपासून आणि हाफ फेअर कार्ड, म्हणजे निम्म्या भाड्याचे सवलत कार्ड, असल्यास २९ फ्रँकपासून सुरू होतो, आणि खालच्या दराचे पास संपले की दर पायरीपायरीने चढतो. दोन्ही तिकिटे सहा महिने आधीपर्यंत विकत घेता येतात, दोन्ही नावावर असतात आणि रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. तिकीट रद्द केले की काही रक्कम कापून उरलेली खात्यात येते, ही आपल्याला भारतीय रेल्वेची सवय आहे. तेथे या तिकिटांच्या बाबतीत ती विसरावी लागते.

पोहोचण्याच्या दिवसासाठी माझा कल सुरुवातीला सुपरसेव्हरकडे होता, कारण आकडा लहान दिसत होता. परंतु मुंबईहून येणाऱ्या विमानाच्या वेळेवर आपला ताबा नसतो. स्विस गाडीलाच उशीर होऊन पुढची गाडी चुकली, तर सुपरसेव्हर तिकीट पुढच्या गाडीला चालते. विमानाला उशीर झाला, तर मात्र रेल्वेचा त्याच्याशी काही संबंध राहत नाही आणि नवे तिकीट पूर्ण भाड्याने घ्यावे लागते. त्या मार्गाचे पूर्ण भाडे माणशी शंभर फ्रँकच्या घरात आहे, आणि एका फ्रँकला शंभराहून अधिक रुपये पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे धोका किती मोठा आहे ते कळते. म्हणून आम्ही त्या दिवसासाठी सेव्हर डे पास घेतला. मुलांसाठी, ती आईवडिलांबरोबर प्रवास करत असल्यामुळे, वेगळा आणि बराच स्वस्त दिवसाचा पास मिळाला. प्रत्यक्षात आमचे विमान अडीच तास उशिरा उतरले. सामानाच्या पट्ट्यापाशी उभे असताना माझ्या पत्नीने सहजपणे विचारले, "आता गाडीचं काय?" आणि मला तितक्याच सहजपणे सांगता आले की पुढची जी येईल ती आपली. परदेशात पहिलाच दिवस, मुले झोपेला आलेली, हातात चार मोठ्या बॅगा, अशा वेळी मनाला मिळालेल्या त्या स्वस्थतेसाठी काही फ्रँक अधिक मोजावे लागले, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

परतीच्या दिवशी परिस्थिती उलट असते. विमानाची वेळ ठरलेली असते, गाव ओळखीचे झालेले असते आणि निघण्याची वेळ आपल्याच हातात असते. येथे सुपरसेव्हर शोभते. तरीही मी ते वेंगेनपासून न घेता इंटरलाकेन ओस्टपासून झुरिक विमानतळापर्यंतच घेतले आणि वेंगेन ते इंटरलाकेन या डोंगरातील टप्प्यासाठी साधे तिकीट ठेवले. अशी दोन वेगळी तिकिटे घेतली की पहिल्या टप्प्यातील उशिराचे संरक्षण दुसऱ्याला मिळेलच असे धरून चालता येत नाही, म्हणून इंटरलाकेनला पूर्ण एक तास मोकळा ठेवला. त्या तासात स्थानकावर बसून आम्ही घरून आणलेल्या भडंगाचा शेवटचा पुडा संपवला. ज्यांना असा थांबा घ्यायचा नसेल, त्यांनी परतीलाही दिवसाचा पासच घेणे बरे.

हाफ फेअर कार्ड घ्यावे की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. केवळ दोन दिवसांच्या प्रवासासाठी ते परवडत नाही. परंतु स्कीइंग शिकताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय इतके दुखतात की एक दिवस विश्रांती घ्यावीच लागते, आणि त्या दिवशी आम्हाला युंगफ्राउयोखला जायचे होते. ३,४५४ मीटर उंचीवरील हे स्थानक १९१२ मध्ये सुरू झाले. तेथील जाण्यायेण्याचे पूर्ण भाडे दोनशे फ्रँकच्या घरात जाते आणि या कार्डावर ते निम्मे होते. त्या एका दिवसातच कार्डाची किंमत बऱ्याच अंशी वसूल झाली आणि दिवसाचा पासही स्वस्त पडला. विश्रांतीचा दिवस गावातच घालवणाऱ्यांनी मात्र या कार्डाच्या मागे लागू नये.

तारखांची निवड हा आरक्षणाचाच भाग आहे, हे मला उशिरा कळले. वेंगेनमध्ये जानेवारीच्या मध्यास लाउबरहॉर्न ही १९३० पासून चालत आलेली स्की शर्यत होते, आणि गावात मोटार येत नसल्यामुळे प्रेक्षकांची सारी गर्दी रेल्वेवर येते. फेब्रुवारीत स्वित्झर्लंडच्या निरनिराळ्या कँटनांमधील (प्रांतांमधील) शाळांना हिवाळी क्रीडा सुट्ट्या असतात. या दोहोंच्या मधला आठवडा आपल्या २६ जानेवारीच्या सुट्टीला लागून येतो, त्यामुळे मुलांची शाळाही त्या मानाने कमी बुडली. शिवाय बर्फाच्या गावांतील घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने दिली जातात, म्हणून शनिवारी गाड्या भरून वाहतात. आम्ही रविवारी पोहोचेल असे विमान घेतले. तेथे देशांतर्गत गाडीचे तिकीट म्हणजे बसण्याची जागा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. डबा भरलेला असला तर उभे राहावे लागते. रविवारी आम्हाला चौघांना समोरासमोर जागा मिळाली.

आरक्षण नेमके कधी करावे, याचे उत्तर मला सहा महिने आधी असे हवे होते, पण ते तितके सरळ नाही. युरोपातील रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलते, आणि त्यापुढील तारखांची विक्री अनेकदा उशिरा खुली होते. आंतरराष्ट्रीय गाड्यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. ऑस्ट्रियातील सांक्ट आन्टोनला जाणाऱ्या एका कुटुंबासाठी मी झुरिकहून रेलजेट या जलद गाडीची तिकिटे शोधत होतो, तेव्हा कितीतरी आठवडे पानावर काहीच दिसत नव्हते आणि मग एके दिवशी सारे दर एकदम दिसू लागले. (सांक्ट आन्टोनचे स्थानक मुख्य मार्गावरच असल्यामुळे झुरिकहून तेथे गाडी न बदलता जाता येते, वेंगेनच्या तीन बदलांपुढे हे सुख मोठे आहे. मात्र रेलजेटमध्ये बसण्याची जागा तिकिटात येत नाही; ती वेगळे शुल्क देऊन राखता येते, आणि ती राखावीच.) दुसरा प्रश्न व्हिसाचा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि पैसे परत न मिळणारे तिकीट हातात व्हिसा नसताना घेणे मला पटत नव्हते. आम्ही व्हिसा येईपर्यंत थांबलो. तोवर दिवसाच्या पासाचा सर्वांत खालचा दर संपून वरच्या पायरीचा मिळाला. तरीही पूर्ण भाड्याच्या तुलनेत तो निम्म्याहून कमीच होता. याउलट आपल्या महालक्ष्मी एक्सप्रेसचे मुंबईपर्यंतचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे युरोपातील तिकिटे हातात असताना कोल्हापूर ते मुंबईचे तिकीट मात्र निघालेले नव्हते.

पैसे भरण्याचा अनुभव आधी कटू होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात, हे मला ठाऊक होते आणि मी ते सुरूही केले होते. तरी माझ्या बँकेने व्यवहार तीनदा नाकारला आणि त्या धावपळीत त्या दिवशीचा दर निघून गेला. शेवटी फॉरेक्स कार्डाने, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डाने, काम झाले. दुसऱ्या एका तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर तेच तिकीट सेवा शुल्कासह अधिक किमतीला दिसत होते. ते शुल्क शेवटच्या पानावर येईपर्यंत दाखवले जात नव्हते. तिकिटे नेहमी मूळ रेल्वेच्या ॲपवरच घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. नाव व जन्मतारीख पारपत्राप्रमाणे भरावी. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांच्या बाबतीत तारीख दोनदा तपासावी; मुंबईहून शनिवारी रात्री निघणे म्हणजे तिकिटावर रविवार असतो, आणि माझ्या हातून पास एक दिवस आधीचा निघण्याच्या बेतात होता.

ॲपची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे त्यात प्रत्येक बदलासाठी फलाट क्रमांक आणि फलाटावरील विभागाचे अक्षर दिलेले असते. तरीही ते सुचवत असलेला सहा-सात मिनिटांचा बदल मोठ्या बॅगा व मुले घेऊन करणे कठीण जाते, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी त्यानंतरची गाडी धरून वेळ मोजली. इंटरलाकेन ओस्टला विशेष सावध राहावे लागते. तेथून सुटणारी गाडी त्स्वायल्यूचिनेन या स्थानकात दुभंगते. काही डबे लाउटरब्रुनेनला आणि उरलेले ग्रिंडेलवाल्डला जातात. गाडी एकच असली तरी डब्यावरची पाटी वाचल्याशिवाय आत बसू नये. आमचा मुलगा ती पाटी वाचत पुढे धावला आणि त्याने आम्हाला योग्य डब्यात आणले.

तिकिटे मोबाइलवर होती, तरी निघण्यापूर्वी राजारामपुरीतील झेरॉक्सच्या दुकानातून त्यांच्या दोन दोन प्रती काढून घेतल्या होत्या. थंडीत मोबाइलची बॅटरी फार लवकर उतरते. परतीच्या दिवशी पहाटे लाउटरब्रुनेनच्या फलाटावर माझा मोबाइल बंद पडला, आणि पुढे तपासनिसाने कागदावरचाच क्यूआर कोड वाचून, पारपत्र पाहून आम्हाला परवानगी दिली. स्कीचे साहित्य आम्ही वेंगेनमध्येच भाड्याने घेतले, त्यामुळे प्रवासात ओझे कपड्यांचेच राहिले.

आता माझी इचलकरंजीची बहीण पुढच्या जानेवारीत तिच्या कुटुंबाबरोबर वेंगेनला जाण्याचे ठरवते आहे. तिच्यासाठी मी पोहोचण्याच्या दिवसाचा सेव्हर डे पास आणि परतीसाठीही सेव्हर डे पासच घेणार आहे, कारण तिच्याबरोबर आमची आई असेल आणि आईला घाई करायला लावणे मला नको आहे. विक्री खुली झाली की नाही हे ऑगस्टपासून दर सोमवारी पाहण्याची नोंद मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत केली आहे, आणि तोवर व्हिसाची कागदपत्रे जमवून ठेवण्यास तिला सांगितले आहे.